सासूबाईंच्या फोनवरून लिनक्स

गेंदिस झोपली की घराने श्वास रोखून धरायचा, असा वेनिंगच्या घरातला कायदा होता. कोंबड्यांना तो मान्य होता. गल्लीतून टकटक वाजवत बक्सोची, मांसाच्या गोळ्यांच्या सुपाची, गाडी ढकलत जाणाऱ्या माणसालाही मान्य होता. तो बिचारा वेनिंगच्या दारापुढे टकटक बंद करायचा आणि चार घरं ओलांडली की पुन्हा सुरू करायचा. मान्य नव्हता तो फक्त मोडेमला. मोडेम म्हणजे डब्याएवढी काळी पेटी, कपाळावर लाल दिव्यांची रांग. फोनच्या तारेतून नंबर फिरवायची आणि पलीकडच्या पेटीशी गाठ पडली की दारात शेपटी सापडलेल्या मांजरासारखी किंचाळायची.

म्हणून शुक्रवारी सकाळी वेनिंगने तिला मुकं केलं. फाइलमध्ये दोन अक्षरं वाढवली, आवाज बंद. पुढचा सगळा घोळ त्या मुकेपणाने केला, पण त्या घडीला तिला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. पाळण्याकडे बघून तिने हळूच म्हटलंसुद्धा, "झोप गं माझ्या साखरे, तुझी आई आज नोकरी मिळवते."

नोकरीचं असं होतं. योग्यकार्तात नवीनच निघालेल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीला माणूस हवं होतं. ज्या गिऱ्हाइकांची फोनवरून जोडणी होत नाही, त्यांच्या शिव्या ऐकायच्या आणि मार्ग सांगायचा, तोही घरबसल्या. घरबसल्या! गेंदिस झाल्यावर वेनिंगने कॉलेजच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली होती. नवरा बाग्यो सेमारांगकडे पुलाच्या कामावर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. मांडीवर बाळ आणि समोर कॉम्प्युटर, अशी नोकरी ह्या गावात दुसरी कोणी देणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कंपनीच्या सुर्यांता नावाच्या गृहस्थांनी अर्ज मागवलाच नव्हता. त्यांची अट एवढीच होती:

"स्वतःच्या घरून, स्वतःच्या फोनवरून, लिनक्सवरून डायल करा आणि 'टॉक'वर मला हाक मारा. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेला उठेपर्यंत मी बसलेला आहे. सायबर कॅफेतून केलंत तर मला इथे दिसतं. विंडोजवरून केलंत तर दिसतं आणि हसूही येतं."

लिनक्सच्या सीडी तिने शहरातल्या लिनक्सवाल्यांच्या मंडळातून आणल्या होत्या. फुकट. प्रत्येक सीडीवर कोणीतरी लिनक्सची खूण म्हणून स्केचपेनने पेंग्विन काढला होता आणि तो प्रत्येक सीडीवर वेगळ्या जातीचं बदक दिसत होता. मंडळाचा कारभार वेनिंगला लग्नघरच्या 'रेवांग'सारखा वाटायचा. लग्न निघालं की गल्लीतल्या साऱ्या बायका आपापली सुरी घेऊन येतात, पैसा कोणी मागत नाही, डोंगराएवढा स्वयंपाक होतो, आणि मीठ किती घालायचं यावरून दोघी जन्मभर बोलत नाहीत. मंडळातही तसंच. कोणाचं पैशाला बोट लागत नव्हतं आणि कोणाचं कोणाशी पटत नव्हतं. काहीही विचारलं की दाढीवाली मुलं म्हणायची, "आधी पुस्तिका वाचा, मबाक." ताई म्हणून मान द्यायची आणि उत्तर द्यायची नाहीत. पुस्तिका इंग्रजीत, आणि ती लिहिणाऱ्याने असं धरून चाललेलं की वाचणाऱ्याला सगळं आधीच येतं.

तरी तिने ती वाचली होती. एका हाताने गेंदिसला थोपटत, दुसऱ्या हाताने पानं उलटत. कॉम्प्युटरच्या पोटातला मोडेम विंडोजशिवाय हलत नाही हे कळल्यावर तिने त्याला आतल्या आत पेन्शन दिली आणि मंडळातून ही काळी पेटी उसनी आणली. काल संध्याकाळी ती पेटी छान किंचाळली होती. पलीकडून "कोण तुम्ही?" असं विचारणंही झालं होतं. पासवर्डच्या ओळीत एक रिकामी जागा जास्त पडली होती म्हणून तेवढं दार उघडलं नव्हतं. ती जागा आज सकाळी पुसली. आता नुसतं डायल करायचं, की झालं.

तिने डायल केलं.

पडद्यावर उत्तर आलं: डायल टोन नाही.

"नाही म्हणजे?" वेनिंग पुटपुटली. "काल होता की."

पुन्हा केलं. डायल टोन नाही. तार काढून घातली, फुंकर मारली. पेटी उलटी करून बघितली, खाली काही लिहिलंय का. चीनमध्ये बनली, एवढंच लिहिलं होतं.

इथे वेनिंगचं डोकं फिरलं. काल चालत होतं, आज चालत नाही, आणि मध्ये हात कोणाचा लागला? तिचाच. म्हणजे चूक तिचीच. पोर झाल्यापासून तिला ही सवयच लागली होती. दूध नासलं, पाऊस लांबला, बाग्योची बस चुकली, सगळ्यात आपलंच काहीतरी चुकलं असेल असं वाटायचं. मग तिने एकेक करून सगळं उपटायला सुरुवात केली. पासवर्डची ओळ काढली, पुन्हा लिहिली. डायल करणारा प्रोग्राम पुसला, सीडीवरून पुन्हा चढवला. ही फाइल कशाला आहे हे आठवेना म्हणून तीही उडवली. जो माणूस पुढच्या आठवड्यापासून लोकांना "घाबरू नका, काही पुसू नका" असं सांगणार होता, त्या माणसाने तासाभरात आपल्या यंत्राचं पार वाळवंट केलं.

डायल टोन नाही.

शेवटी ती दमली. पाळण्याकडे एकदा बघितलं. दोन्ही मुठी डोक्याशी घेऊन गेंदिस झोपली होती, ओठ मध्येच चुटूचुटू हलत होते. "माफ कर गं राणी," म्हणत वेनिंगने ती दोन अक्षरं खोडली, मोडेमला वाचा दिली आणि डायल केलं.

पेटीतून आवाज आला: तूत्-तूत्-तूत्-तूत्.

गेंदिसने डोळे उघडले. तळहाताएवढं तोंड वासून तिने असा काही सूर लावला की तो मोडेमलाही जमला नसता.

पण वेनिंग हसत होती. डायल टोन होता की! फक्त तो रोजचा लांबलचक "तूऽऽऽ" नव्हता, तुकड्या-तुकड्यांचा होता. मोडेम बिचारा शिस्तीचा. त्याला अखंड सूर हवा. तुटका सूर ऐकला की म्हणतो सूरच नाही, आणि फुगून बसतो. तिने गेंदिसला उचललं, पुढच्या खोलीत जाऊन क्रोशाचा रुमाल बाजूला सारला, रिसीव्हर कानाला लावला. तिथेही तूत्-तूत्.

हा फोन सासूबाईंचा. तुमिरा त्यांचं नाव. कोटागेडेपासून इमोगिरीपर्यंत कोणाच्याही घरी लग्न असलं की नवरीच्या कपाळावर काळा पाएस, म्हणजे लग्नाची नक्षी, रेखायला त्यांनाच बोलावणं. लग्नाच्या महिन्यात ह्या फोनला त्या जितकं जपत तितकं बाग्योलाही लहानपणी जपलं नसेल. आणि आज त्या पहाटेपासून शेजारी कासिराबाईंकडे होत्या. कासिराबाईंच्या लेकीचा, एंदाहचा, आज नमाजेनंतर निकाह.

वेनिंगने गेंदिसला झोळीत बांधलं आणि लग्नघराच्या मागच्या दाराने शिरली. परसात चुली पेटलेल्या, बायका ओळीने बसून खोबरं खवत होत्या.

"आली गं आली, कॉम्प्युटरवाली आली!"

"खवायला आलीस का वेनिंग, की पेंग्विनला भूक लागली?"

"त्याला मासे लागतात म्हणे. आज कोंबडी आहे, सांग त्याला."

"इबू कुठे आहेत?" वेनिंगने सासूबाईंबद्दल विचारलं.

"आत. पण बोलू नकोस हं, कपाळ चाललंय."

आत तुमिराबाई एंदाहच्या समोर मांडी घालून बसल्या होत्या. कालपासून उपास, तोंडात पाणीसुद्धा नाही. पाएस रेखायचा तर हात शुद्ध हवा, आणि त्यांच्या मते भरल्या पोटी हात जांभया देतो. अर्धं कपाळ झालं होतं. एंदाह श्वास धरून बसलेली, भुवईसुद्धा हलवत नव्हती.

"इबू," वेनिंग कुजबुजली, "आपल्या फोनला काही केलंत का?"

"वळवला," सासूबाई नजर न काढता म्हणाल्या. "इकडे. स्टार दाबायचा, आकडे दाबायचे, की आपल्याकडे आलेला फोन इथे वाजतो. क्लातेनची माणसं फोन करणार आहेत, दोन मुलींची लग्नं एकदम आहेत त्यांची. मी काय इथून उठून धावू?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू त्या मांजराशी बोलत होतीस."

"इबू, तो वळवला की सूर तुटतो. म्हणजे मालकाला आठवण राहावी म्हणून तसा आवाज ठेवलाय. माझा मोडेम अडून बसलाय. नमाजेपर्यंतच वेळ आहे मला. सोडवू का तो? थोडा वेळ?"

तुमिराबाईंचा हात थांबला. एंदाहने डोळे मिटून घेतले.

"न्दुक," त्या शांतपणे म्हणाल्या, म्हणजे पोरी. "दोन लग्नं. एकदम. तुझ्या पेटीला सांग, सूर तुटका असला तरी गाणं म्हणायचं. आमची गामेलानच्या वाद्यांवर गाणारी म्हणतात की."

बाहेरच्या बायका फिदीफिदी हसल्या. वेनिंगला राग आला. बोळ ओलांडून घरी येईपर्यंत तो राग तिने नीट, घट्ट धरून ठेवला होता. उंबऱ्यात मात्र तो सुटला, कारण तिला पुस्तिकेतलं एक पान आठवलं. मोडेमला सुराची वाट न बघता नंबर फिरवायला लावता येतं. एक्स आणि तीन, बस. ते वाचताना तिने मनात म्हटलं होतं, असल्या फोनच्या देशात कोण राहत असेल? आणि पान उलटलं होतं. ती राहत होती असल्या देशात. सासूसकट.

गेंदिस झोळीत, झोळी पोटाशी, पोट टेबलाशी. वेनिंगने एक्स-तीन लिहिलं आणि डायल केलं. तूत्-तूत्, मग आकड्यांची किणकिण, मग ते किंचाळणं. गेंदिस दचकली, मग मान वर करून पेटीकडे टक लावून बघू लागली.

नाव विचारलं, दिलं. पासवर्ड विचारला, दिला. लाल दिवे लुकलुकले. जोडलं गेलं!

आणि तरी काहीच होईना. सुर्यांतांच्या यंत्राचं नाव टाकलं की यंत्र म्हणे, असं कोणी मला माहीत नाही. वेनिंगने कपाळाला हात लावला. सकाळच्या उपटाउपटीत जी फाइल तिने उडवली होती ती हीच. कोणतं नाव कुठल्या आकड्याचं हे ज्याला विचारायचं, त्याचा पत्ता त्या फाइलीत असतो. तो पत्ता कंपनीच्या पत्रकावर होता, पत्रक गेंदिसच्या पाळण्यात होतं, आणि पत्रकाचा एक कोपरा गेंदिसच्या पोटात होता. सुदैवाने तिने जाहिरात खाल्ली होती, आकडे नाही. वेनिंगने ते फाइलीत परत लिहिले आणि सुर्यांतांना हाक मारली.

टॉकचा पडदा उघडला. वरचा अर्धा तिचा, खालचा अर्धा पलीकडच्याचा. जो जे टाइप करेल ते अक्षर-अक्षर करून दुसऱ्याला दिसतं. चुकासुद्धा, खोडाखोडसुद्धा. लपवायला काही जागाच नाही.

खाली अक्षरं उमटली: सलाम. सुर्यांता. उशीर झाला.

वेनिंगने साहेबांना म्हणतात तसं 'पाक' म्हणत लिहिलं: सलाम, पाक. फोन वळवलेला होता. सूर तुटका आला. एक्स-तीन घातलं.

खाली उमटलं: फोन कोणी वळवला?

सासूबाईंनी. त्या नवरी सजवतात.

सोडवला का नाही?

दोन लग्नं होती.

तेवढ्यात गेंदिसने दोन्ही हात कीबोर्डवर आपटले. वरच्या अर्ध्या भागात मुंग्यांची रांग गेल्यासारखी अक्षरं पसरली.

ही कुठली आज्ञा? खाली उमटलं.

मुलगी आहे, वेनिंगने लिहिलं. सात महिने.

बरं. एक चांगलं झालंय, लक्षात आलं का? फोन वळवलेला आहे म्हणून बाहेरून कोणाचा फोन मध्ये येऊन तुमची लाइन तोडणार नाही. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांची तशीच तुटते. तर मग तुम्ही सोमवारप

आणि अक्षरं थांबली. दिवे मालवले. लाइन तुटली.

वेनिंग क्षणभर त्या "सोमवारप"कडे बघत राहिली. मग पुढच्या खोलीतून आवाज आला, "अगंबाई! हे काय फोनमध्ये कापताहेत?"

तुमिराबाई चप्पल पायातच ठेवून, रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून उभ्या होत्या. दोन्ही खोल्यांना एकच लाइन. कोणीही कुठेही उचलला की मोडेमचं बोलणं खलास. बाहेरचं कोणी तोडणार नव्हतं, घरचं राहिलंच होतं.

"इबू! ठेवा! तो माणूस सोमवारपासून ये म्हणत होता!"

"मोगरा कमी आलाय," सासूबाई म्हणाल्या. "एंदाहच्या अंबाड्याला निम्मा पण पुरत नाही. कासिराच्या फोनला कुलूप घातलंय, पाहुण्यांनी सुमात्रापर्यंत गप्पा मारू नयेत म्हणून. किल्ली तिच्या नवऱ्याच्या खिशात, आणि तो काझीला आणायला गेलाय. मला बाजारात फोन करायचाय."

"मला आत्ता हवाय, इबू."

"मलाही आत्ताच."

मशिदीच्या भोंग्यातून खरखर ऐकू आली. कोणीतरी माइक फुंकून बघत होतं. सुर्यांता आता चपला शोधत असतील. तिकडे शेजारी अर्ध्या कपाळाची मुलगी भुवई न हलवता बसली असेल. वेनिंगला स्वतःचं लग्न आठवलं. ह्याच बाईने तिचंही कपाळ रेखलं होतं, आणि ते सुकेपर्यंत ती हसू नये म्हणून घरातल्या साऱ्या गमत्या माणसांना अंगणात हाकललं होतं.

"करा," ती म्हणाली. "पण भांडू नका माळ्याशी. भांडण नंतर करा."

तुमिराबाईंनी नंबर फिरवला. माळी फोनवर आला आणि त्यांनी भांडायला सुरुवात केली. त्याची आई, त्याचा मोगरा, त्याच्या मोगऱ्याची गेल्या वर्षीची अवस्था, सगळं निघालं. वेनिंगने घसा खाकरला. गेंदिसने आजीच्या अंबाड्यातला चाफा ओढून तोंडात घातला. शेवटी एकदाचं "आत्ता, म्हणजे आत्ता!" असं ऐकू आलं आणि रिसीव्हर खाली आदळला.

वेनिंगला वाटलं, त्या आता निघतील. तुमिराबाईंनी चपला काढल्या, नातीला झोळीतून उपसून घेतलं आणि फोनशेजारच्या खुर्चीत बसल्या, रिसीव्हरवर तळहात ठेवून.

"जा. ओरडू दे तुझ्या मांजराला. मोगरा येईपर्यंत मी बसते. इथे आता कोणी हात लावला तर हात तोडीन."

पेटी पुन्हा किंचाळली. नाव, पासवर्ड, दिवे. वेनिंगने टॉकची हाक मारली आणि थांबली. भोंग्यातून कुराणाचं पठण सुरू झालं होतं. हाकेला उत्तर नव्हतं. तिने दुसऱ्यांदा मारली.

खालचा अर्धा पडदा उघडला.

पायात एक चप्पल आहे, तिथे उमटलं. काय झालं?

सासूबाईंनी उचलला. मोगरा.

हं. सोमवारपासून याल का? घरूनच. पटकन सांगा.

वेनिंगची बोटं "हो"च्या अक्षरावर गेलीसुद्धा. पण आनंद तिच्या तोंडावाटे आधी बाहेर पडला. "इबू! विचारतायत! सोमवारपासून!"

"कुठला सोमवार?" पुढच्या खोलीतून उत्तर आलं.

"हाच! येणारा!"

"येणारा सोमवार पाहिंग आहे. तुझा जन्म बुधवार वागेचा. सोमवार पाहिंग तुला चालत नाही. नवीन काम त्या दिवशी सुरू केलंस की आजारपण लागतं मागे. मंगळवार सांग. मंगळवार पोन." सात वारांना पाहिंग, पोन, वागे अशा पाच बाजाराच्या वारांची जोड लावून सासूबाई मुहूर्त काढत.

"इबू, ही कॉम्प्युटरची कंपनी आहे!"

"असू दे की. कंपनीला काय वार नसतात? आणि पहिल्याच झटक्याला हो म्हणायचं नाही, किती वेळा सांगितलं? नवरीकडची माणसं तारीख विचारतात तेव्हा मी लगेच हो म्हणते का?"

पडद्यावर चौकोन लुकलुकत होता. सुर्यांतांना एक अक्षरही आलं नव्हतं. त्यांच्याकडे नुसती रिकामी जागा दिसत असेल. वेनिंगने डोळे मिटले. पुस्तिकेत ह्याबद्दल काहीही दिलेलं नव्हतं.

तिने लिहिलं: सोमवार पाहिंग येतो. सासूबाई म्हणतात मंगळवार पोन.

अक्षरं तिकडे पोचलीसुद्धा. पुसावं म्हटलं, तरी पलीकडे दिसणारच होतं. भोंग्यातलं पठण संपून क्षणभर शांत झालं. आता अजान होणार.

मग अक्षरं एकेक करत आली, घाईघाईने, चुकत-खोडत.

मंगळवार पोन. ठीक. ही कंपनीसुद्धा माझ्या आईने सोमवार पाहिंगला उघडू दिली नव्हती. सासूबाईंना सलाम. निघालो.

त्यांचा अर्धा पडदा बंद झाला. अजान सुरू झाली.

वेनिंग पुढच्या खोलीत आली तेव्हा तिला रडू येत होतं, आणि ते लपवायला बाळही हाताशी नव्हतं. बाळ आजीच्या मांडीवर, तोंडात चाफा.

"काय म्हणाला?" तुमिराबाईंनी विचारलं. हात अजून रिसीव्हरवरच.

"मंगळवार चालेल म्हणाले."

"त्याने आईला विचारलं का?"

"विचारावं लागलं नाही. तिने आधीच बजावून ठेवलंय त्यांना."

"मग ठीक," तुमिराबाई म्हणाल्या, आणि लेकीसाठी स्थळ बघून आल्यासारखी मान हलवली. "घर बरं दिसतंय. जा आता, पेटी बंद कर. माळी कुठवर आलाय बघते."